नियमभंग, दंड आणि शेजारधर्म
गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांसाठी काही विचार

पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, वास्को या शहरांतून गेल्या काही दशकांत कौलारू घरांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. स्वतंत्र घरात राहणाऱ्या माणसाचे अंगण त्याचे असते, विहीर त्याची असते आणि कुंपणाच्या आत तो आपल्या मर्जीचा धनी असतो. सदनिकेत राहावयास आलेल्या कुटुंबाचे तसे नसते. जिना, गच्ची, पाण्याची टाकी, वाहने उभी करण्याची जागा हे सारे सामायिक असते. एवढेच नव्हे, तर वरच्या घराची जमीन हीच खालच्या घराचे छत असते. अशा सहजीवनास नियम लागतात, आणि जेथे नियम आले तेथे आज ना उद्या नियमभंगही येतो. त्याला तोंड कसे द्यावे, हा गृहनिर्माण संस्थांपुढील नित्याचा प्रश्न होय.

एक प्रसंग कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. एका संस्थेतील तिसऱ्या मजल्यावरील सभासद रोज रात्री आपली मोटार दुसऱ्या सभासदाच्या जागेत उभी करतात. तोंडी सांगून उपयोग होत नाही. शेवटी चिटणीस सूचनाफलकावर त्यांचे नाव लिहितात व पुढे 'दंड रुपये ५००' अशी नोंद करतात. पुढच्या महिन्याच्या बिलात ही रक्कम चढते, त्यापुढच्या महिन्यात तिच्यावर व्याज चढते. संतापलेले सभासद दंडच नव्हे, तर देखभालीची सबंध रक्कमच भरण्याचे थांबवितात. समिती त्यांचे पाणी तोडते. घरात अंथरुणाला खिळलेली वृद्ध आई असते. प्रकरण सहकार खात्याकडे जाते आणि तेथे असे आढळून येते की, दंड आकारण्याचा ठराव नव्हता, लेखी नोटीस नव्हती, खुलासा मागविला नव्हता. मोटार चुकीच्या जागी उभी राहत होती हे खरे असूनही संस्थेची बाजू लंगडी पडते. ज्याचा अपराध होता तो निर्दोष ठरल्यासारखा मिरवितो, आणि ज्याची जागा बळकावली गेली त्याच्या पदरी निराशा येते.

हा प्रसंग काल्पनिक असला तरी त्यातील एकही पायरी अपरिचित नाही. संस्था हरली ती नियम चुकीचा होता म्हणून नव्हे, तर नियम राबविण्याची रीत पाळली गेली नाही म्हणून. ती रीत कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नियमांचे मूळ

सामायिक मालमत्तेचा कारभार गोव्यास नवा नाही. शेतजमिनी आणि खाजनाचे बांध यांची सामुदायिक व्यवस्था येथील गावकरी संस्था शेकडो वर्षे पाहत आल्या. पोर्तुगीज राजवटीत १५२६ साली या गावकरी संस्थांचे रीतिरिवाज 'फोराल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दस्तऐवजात लिहून काढण्यात आले. नियम सर्वांना ठाऊक असावा आणि तो लिहिलेला असावा, ही गरज तेव्हाही जाणवली होती.

आजच्या गृहनिर्माण संस्थांची परंपरा मात्र सहकारी चळवळीतून आलेली आहे. मुंबईच्या गावदेवी भागातील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ साली स्थापन झाली. तिच्या उभारणीत रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांचा मोठा वाटा होता. मुक्तीनंतरच्या काळात गोव्यातील सहकारी संस्थांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० लागू होता. त्याची जागा पुढे गोवा सहकारी संस्था अधिनियम, २००१ या राज्याच्या स्वतःच्या कायद्याने घेतली. गोव्यात गृहनिर्माण संस्थांप्रमाणेच केवळ इमारतीची देखभाल करणाऱ्या सहकारी संस्थाही आहेत. दोहोंच्या स्वरूपात फरक असला, तरी नियमभंगाच्या बाबतीत दोघींचा आधार एकच असतो, तो म्हणजे संस्थेचे नोंदणीकृत उपविधी, ज्यांना जुन्या भाषेत पोटनियम म्हणत.

या उपविधींचे स्वरूप नेमके काय, याबद्दल पुष्कळ गैरसमज आढळतात. विधिमंडळाने केलेल्या कायद्याप्रमाणे त्यांना कायद्याचे बळ नसते. कंपनीच्या नियमावलीप्रमाणे ते संस्थेच्या अंतर्गत कारभारापुरते बंधनकारक असतात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली सहकारी बँकांच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. अहमदाबाद येथील पारशी समाजाच्या गृहनिर्माण संस्थेच्या २००५ सालच्या प्रकरणात याच न्यायालयाने, उपविधी हा सभासदांनी आपखुशीने स्वीकारलेला करार होय, अशी भूमिका घेतली. सर्वसाधारण सभासदाने यातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली ही की, सभासदत्व स्वीकारताना त्याने उपविधी पाळण्याचे वचन दिलेले असते. दुसरी ही की, उपविधींत जो अधिकार नाही, तो समितीला कोठूनही मिळत नाही. संस्थेचा दंड हा शासनाचा दंड नव्हे. तो शेजाऱ्यांनी एकमेकांशी केलेल्या करारातून जन्मतो आणि त्या कराराच्या चौकटीतच तो टिकतो.

चार निरनिराळ्या रकमा

व्यवहारात दंड, व्याज, शुल्क आणि नुकसानभरपाई यांची नेहमी गल्लत होते, व तंट्यांचा उगम बहुधा येथेच असतो.

व्याज हे थकलेल्या रकमेवर असते. महाराष्ट्र शासनाच्या २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवरील व्याजाची कमाल मर्यादा दरसाल २१ टक्के, तीही सरळव्याजाने, अशी घातली होती. या दराने दहा हजार रुपये वर्षभर थकले तर व्याज २,१०० रुपये होते. व्याजावर व्याज आकारण्यास तेथे वाव ठेवलेला नव्हता.

शुल्क हे सेवेबद्दल किंवा विशिष्ट स्थितीबद्दल असते. सदनिका भाड्याने दिल्यास आकारावयाच्या बिनभोगवटा शुल्काचे उदाहरण बोधप्रद आहे. पूर्वी काही संस्था हे शुल्क मनास येईल तसे आकारीत आणि घर भाड्याने देणे हा जणू अपराधच मानून दंडासारखी वसुली करीत. महाराष्ट्र शासनाने १ ऑगस्ट २००१ रोजी आदेश काढून हे शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपुरते मर्यादित केले. त्यास आव्हान देण्यात आले असता मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली तो आदेश कायम ठेवला. शुल्काच्या नावाखाली दंड वसूल करता येत नाही, हा त्याचा मथितार्थ होय.

नुकसानभरपाई ही प्रत्यक्ष झालेल्या हानीची असते. मोटारीच्या धडकेने संस्थेचे फाटक मोडले, तर दुरुस्तीचा खर्च बिलासह मागणे ही भरपाई झाली. दंड या तिन्हींहून वेगळा आहे. तो केवळ नियम मोडल्याबद्दल असतो, आणि म्हणूनच त्याला सर्वांत काटेकोर रीत लागते. या चारही रकमा बिलात स्वतंत्र ओळींत दाखविणे अगत्याचे आहे. दंडाविषयी तक्रार असलेला सभासद देखभालीची रक्कम तरी त्यामुळे नियमाने भरू शकतो, आणि संस्थेनेही ती स्वीकारावी.

दंडाची रीत

उपरिनिर्दिष्ट आदर्श उपविधींत दंडाबद्दलची तरतूद थोडक्यात अशी होती : कोणत्या नियमभंगास किती दंड, हे सर्वसाधारण सभेने ठरवावे, नियम मोडणाऱ्या सभासदास आधी कारणे दाखवा नोटीस द्यावी, त्याचे म्हणणे ऐकावे, आणि दंडाची एकूण रक्कम एका आर्थिक वर्षात ५,००० रुपयांपेक्षा अधिक नसावी. गोव्यातील प्रत्येक संस्थेने आपल्या स्वतःच्या नोंदणीकृत उपविधींत जी तरतूद व जी मर्यादा असेल तीच पाळावयाची आहे. तथापि या क्रमामागील तत्त्व कोणत्याही संस्थेस मार्गदर्शक ठरावे असे आहे.

पहिली पायरी नियमाची. नियम लेखी असावा, उपविधींशी सुसंगत असावा आणि प्रत्येक सभासदापर्यंत पोहोचलेला असावा. घर विकत घेणाऱ्या नव्या सभासदास व भाडेकरूस नियमांची प्रत पहिल्याच दिवशी दिल्यास पुढचे अर्धे तंटे टळतात.

दुसरी पायरी तक्रारीची. तक्रार लेखी घ्यावी. दिनांक, वेळ व स्थळ नोंदवावे. शक्य तेथे छायाचित्र जोडावे. 'नेहमीच असे करतात' या तक्रारीतून काही सिद्ध होत नाही. 'अमुक तीन रात्री, अमुक वेळी' ही तक्रार तपासून पाहता येते.

तिसरी पायरी भेटीची. समितीच्या एखाद्या ज्येष्ठ सदस्याने प्रत्यक्ष घरी जाऊन बोलावे. कित्येकदा नियमभंगामागे अडचण असते. घरातील आजाऱ्यास रात्री इस्पितळात न्यावे लागते, किंवा स्वतःच्या जागेवर वरच्या मजल्यावरून पाणी ठिबकत असते. ती अडचण कळल्याशिवाय उपाय सापडत नाही.

चौथी पायरी नोटिशीची. नोटिशीत कोणता नियम, कोणत्या दिवशी, कसा मोडला गेला, खुलासा कोणत्या तारखेपर्यंत द्यावा आणि सुनावणी केव्हा होईल, एवढे स्पष्ट असावे. भाषा सभ्य असावी. गोव्यातील पुष्कळ सदनिकांचे मालक नोकरीनिमित्त आखाती देशांत किंवा अन्यत्र असतात. कुलूपबंद दारावर कागद डकविला म्हणजे नोटीस पोहोचली, असे मानणे धोक्याचे आहे. संस्थेच्या दप्तरी असलेल्या पत्त्यावर टपालाने पाठवून पोच घ्यावी आणि सोबत ई-मेलनेही कळवावे. भाडेकरूने नियम मोडला असेल तरी संस्थेचा संबंध सभासदाशी असतो, म्हणून नोटीस सभासदासच द्यावी व भाडेकरूस तिची प्रत द्यावी.

पाचवी पायरी सुनावणीची. ज्याच्यावर आरोप आहे त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णय घेऊ नये, आणि आपल्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये, ही नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे होत. तक्रार समितीच्याच सदस्याची असेल, तर त्या सदस्याने सुनावणीत निर्णय देण्यास बसू नये. अध्यक्षांची मोटार चुकीच्या जागी उभी राहिली, तर तोच नियम त्यांनाही लागावा. एका सभासदास माफी व दुसऱ्यास दंड असा भेद झाला की नियमावरचा सर्वांचाच विश्वास उडतो.

सहावी पायरी निर्णयाची. उपविधींनुसार ज्या सभेस अधिकार असेल तिनेच ठराव करावा; ठरावात कारणे असावीत, इतिवृत्तात नोंद व्हावी, निर्णय लेखी कळवावा. रक्कम भरल्यावर पावती द्यावी आणि ती संस्थेच्या हिशेबात जमा दिसावी. पावतीविना घेतलेला दंड म्हणजे नवा नियमभंगच होय.

कोणते मार्ग टाळावेत

पाणी, वीज किंवा उद्वाहक बंद करणे हा वसुलीचा मार्ग नव्हे. पाणी मिळण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. शिवाय अशा कृतीचा फटका बहुधा नियम मोडणाऱ्यास बसत नाही, तर घरातील लहान मुलांना व वृद्धांना बसतो. तसेच सूचनाफलकावर नावे लावून कोणाची अप्रतिष्ठा करणे, किंवा पाहुण्यांना फाटकाशी अडविणे, यांनी प्रश्न सुटत नाही, वैर मात्र वाढते.

कायद्यानेच ज्या गोष्टींस संरक्षण दिले आहे, त्यांवर दंड बसविणेही व्यर्थ ठरते. पाळीव प्राण्यांचे उदाहरण घ्यावे. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली प्रसृत केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, निवासी संस्थांना पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, असे स्पष्ट केले आहे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ साली पाळीव प्राण्यांवर बंदी घालणारी कलमे बेकायदेशीर ठरविली. भटक्या प्राण्यांना अन्न देण्याच्या जागेबाबत २०२३ च्या केंद्रीय नियमांनी निवासी संस्थांवरच जबाबदारी टाकलेली आहे. या विषयांत दंडापेक्षा ठिकाण व वेळ यांची समजुतीने केलेली आखणी अधिक उपयोगी पडते.

काही उल्लंघने अशी असतात की, ती संस्थेच्या नियमांबरोबरच देशाच्या कायद्याचाही भंग करतात. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी क्षेत्रात ध्वनीची मर्यादा ४५ डेसिबल व दिवसा ५५ डेसिबल आहे. ही मर्यादा ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये ठरलेली आहे. इमारतीच्या खांबांना किंवा तुळयांना हात लावणारे फेरफार स्थानिक स्वराज्य संस्थेच्या व नियोजन अधिकाऱ्यांच्या कक्षेत येतात. पर्यटकांना खोल्या भाड्याने देण्याच्या व्यवसायास १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. अशा बाबतींत संस्थेने किरकोळ दंड घेऊन डोळेझाक करू नये, तर संबंधित अधिकाऱ्यांकडे लेखी कळवावे. खांब फोडणाऱ्याकडून पाचशे रुपये घेतल्याने इमारत सुरक्षित होत नाही.

दंडाने काय साधते?

दंड जितका मोठा तितका नियम पक्का, अशी एक समजूत रूढ आहे. ती कितपत खरी आहे हे पाहण्यासाठी परदेशातील एका प्रयोगाकडे वळावे लागेल. इस्रायलमधील हैफा शहरातील दहा पाळणाघरांत दोन अर्थशास्त्रज्ञांनी केलेल्या निरीक्षणाचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. पालक मुलांना नेण्यास उशिरा येत, म्हणून दहांपैकी सहा पाळणाघरांत उशिराबद्दल लहानसा दंड सुरू करण्यात आला. त्यामुळे उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि काही आठवड्यांत जवळजवळ दुपटीवर गेला. दंड रद्द केल्यावरही तो पूर्ववत झाला नाही. पूर्वी उशीर झाल्यावर शिक्षिकेसमोर ओशाळणारा पालक आता पैसे मोजून उशीर विकत घेऊ लागला होता.

गृहनिर्माण संस्थांनी यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. संकोच आणि शेजाऱ्याची भीड ही नियमपालनाची फार मोठी शक्ती आहे. दंडाचा दर लावताच ती शक्ती ओसरण्याचा संभव असतो. सुस्थितीतील सभासदास पाचशे रुपये म्हणजे जागेचे भाडे वाटू लागते, आणि निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यास तेच पाचशे रुपये जाचक होतात. दंड असावा, परंतु तो सर्वांत शेवटी असावा, आणि तो आकारताना भेट, पत्र व सुनावणी हे टप्पे खरोखरीच ओलांडलेले असावेत.

विवाद उरल्यास

इतके करूनही मतभेद राहिला, तर दंड अमान्य असलेल्या सभासदास व वसुली करू इच्छिणाऱ्या संस्थेस दाद मागण्याचा मार्ग मोकळा आहे. गोव्यात असा विवाद सहकार निबंधकांकडे नेता येतो. महाराष्ट्रात १९६० च्या अधिनियमाच्या कलम ९१ अन्वये सहकार न्यायालयाकडे जावे लागते. तेथे तोंडी सांगण्यापेक्षा ठरावाची प्रत, नोटिशीची पोच व सुनावणीचे इतिवृत्त यांनाच वजन असते. ज्या संस्थेने वरील पायऱ्या पाळल्या तिचे काम तेथे सोपे होते.

सभासदत्वावरून काढून टाकणे हे अखेरचे हत्यार. महाराष्ट्राच्या अधिनियमातील कलम ३५ पाहिल्यास त्याची दुर्मीळता ध्यानात येते. त्यासाठी बोलावलेल्या सर्वसाधारण सभेत उपस्थित असलेल्या व मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांपैकी तीन चतुर्थांशांचे बहुमत, संबंधित सभासदास बाजू मांडण्याची संधी आणि निबंधकांची मान्यता, इतक्या अटी तेथे आहेत. रागाच्या भरात कोणालाही ते उपसता येऊ नये, हाच कायद्याचा हेतू दिसतो.

आरंभीच्या प्रसंगाकडे पुन्हा वळल्यास काय दिसते? चिटणिसांनी फलकावर नाव लिहिण्याऐवजी तिसऱ्या मजल्यावर जाऊन दार ठोठावले असते, तर अंथरुणावरच्या आईची हकीकत त्यांना कळली असती. डॉक्टरांना रात्री केव्हाही यावे लागते, म्हणून मोटार जिन्याजवळ लागते, हे कळले असते. दोन सभासदांनी जागांची तात्पुरती अदलाबदल केली असती, किंवा तसे न जमल्यास रीतसर नोटीस, सुनावणी व ठराव होऊन दंड बसला असता आणि तो टिकलाही असता. दोन्ही परी संस्थेचा नियम राहिला असता, आणि जागा गमावलेल्या सभासदास न्याय मिळाला असता.

सहकारी संस्थेत प्रत्येक सभासदास एकच मत असते. आज दंड करणारा उद्या दंडास पात्र ठरू शकतो, आज समितीत असलेला उद्या साधा सभासद होतो. रीत पाळण्याचा आग्रह म्हणूनच कोणा एकाच्या सोयीसाठी नाही. सुनावणी संपल्यावर फिर्यादी आणि आरोपी हे दोघेही त्याच जिन्याने आपापल्या घरी जातात, आणि पावसाळ्यात गच्ची गळू लागली की बादली घेऊन धावणारेही तेच दोघे असतात, एवढे प्रत्येक समितीने ध्यानात ठेवावे.